जांभळं निळी पडली तो उन्हाळा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांतील समस्त स्त्री-पुरुष नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, जांभळं आलेली आहेत. ज्यांना पांढरे कपडे प्रिय आहेत त्यांनी ते काही दिवस कपाटात ठेवावेत. ज्यांना घरी न सांगता खायची आहेत त्यांनी जीभ बाहेर काढणं टाळावं. आणि ज्यांनी आयुष्यात एकदा तरी कुणाच्या तोंडावर खोटं ‘वा!’ म्हटलेलं आहे, त्यांनी पहिलं जांभूळ जरा जपून खावं. ते कुठे नेऊन सोडेल याची हमी प्रस्तुत निवेदनात देता येत नाही.

मला तर त्यानं काल भर चौकात मुकं केलं. बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला एक बाई टोपली मांडून बसली होती. तिनं पानाच्या द्रोणात माप ओतलं, वर चिमूटभर मीठ टाकलं, द्रोण जरा झुलवला आणि ती काळी, टपोरी, घाम फुटल्यासारखी चकाकणारी जांभळं माझ्या हातात दिली. पहिलं तोंडात टाकलं आणि मी गप्प झाले. समोर रिक्षा थांबली.

“शिरगाव?”

मी मान हलवली.

“शिरगावात कुठे?”

मी हातानं दिशा दाखवली.

“अहो मॅडम, बोला ना! मौनव्रत आहे का?”

होतंच. तोंडात जांभूळ असेपर्यंत बोलायचं नाही, ही सवय मला एका खोलीनं लावली आहे आणि ती बी थुंकेपर्यंत सुटत नाही. हे त्या रिक्षावाल्याला समजावून सांगायचं तर आधी बी थुंकावी लागली असती, आणि जांभूळ तर नुकतंच जिभेवर फुटलं होतं. आधी गोड, मग आंबट, मग तो तुरटपणा, जो जिभेला सुती कापड गुंडाळल्यासारखा तोंडभर पसरतो. मी तशीच रिक्षात बसले. डावीकडे दोन नव्या टॉवरच्या फटीतून चंदेरी किल्ल्याचा सुळका क्षणभर दिसला. धुरकट उन्हात तो निळसर दिसत होता. मी डोळे बारीक करून खात्री करून घेतली. खरंच निळसर होता. हल्ली निळं काही दिसलं की मी दोनदा बघते.

ती खोली उल्हासनगरात, सिंधी कॅम्पातल्या एका गल्लीत, लछमनभाईंच्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर आहे. लोखंडी जिन्यानं वर जायचं, वाकायचं, तरीही डोकं आपटायचं, आणि मग आत. खाली पासपोर्टचे फोटो, वर आमचा कॅमेरा क्लब. खाली लछमनभाई लोकांना गोरं करत आणि वर क्लबचे गुरू घारपुरे सर आम्हाला काळवंडून सोडत. खिडकीतून समोरच्या घरात भाजल्या जाणाऱ्या पापडाचा वास येई, शेजारच्या गाळ्यातली जीन्स शिवायची यंत्रं रविवारीसुद्धा घरघरत, आणि त्या सगळ्या कल्लोळात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही काही वेडे लोक एका छापील फोटोकडे मयताला आल्यासारखे बघत उभे असायचो.

फोटो खिडकीजवळच्या स्टुलावर टेकवून ठेवायचा. ज्याचा फोटो, त्यानं बाजूच्या खुर्चीत बसायचं. आणि बोलायचं नाही. हा घारपुरे सरांचा कायदा. “उद्या तुमचा फोटो कुणाच्या भिंतीवर लागला, तर त्याच्याशेजारी तुम्ही खुलासा करायला उभे राहणार आहात का? नाही ना? मग आत्ताच गप्प बसायची सवय करा.”

कायदा चांगला होता, पण आमच्या तिन्ही गावांत गप्प बसणं कुणाला येत नाही. मी तर त्यात अव्वल. माझा नाद पक्ष्यांचा, आणि माझे बहुतेक पक्षी फोटोतून निघून गेल्यावरचे. कधी नुसती हलणारी फांदी, कधी कोपऱ्यात शेपटीचं टोक. मग मी खुर्चीतूनच सुरू करायची. “सर, त्याचं काय झालं, तेवढ्यात मागून एक टँकर आला आणि...”

अशाच एका रविवारी जनार्दननं घरची जांभळं आणली होती. हा जनार्दन म्हात्रे बदलापूरच्या पुढच्या गावातला. घरची शेती आता नावापुरती उरलेली, बांधावर जांभळाची जुनी झाडं, आणि धंदा लग्नाचे, हळदीचे फोटो काढायचा. सरांनी त्याच्या टोपलीतलं एक जांभूळ उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. “हे तोंडात टाका, वीणाताई. बी बाहेर काढायची ती सगळ्यांचं बोलून झाल्यावर.”

त्या दिवसापासून तो रिवाज पडला. ज्याच्या फोटोवर चर्चा, त्याच्या तोंडात जांभूळ. एरवी लवंग, नाहीतर खडीसाखर. पण खरा हंगाम हाच. सभा संपून खाली उतरलं की लछमनभाईंच्या गिऱ्हाइकांनाही कळायचं, वर कुणाचा बळी गेला. “दीदी की जबान देखो,” ते काउंटरवरच्या माणसाला सांगत, “आज बहुत मार खाया है.”

बोलणाऱ्यालाही नियम होता. आधी दिसतं ते सांगायचं, मग वाटतं ते. “बाई उदास आहे” असं म्हणायचं नाही. “बाईची मान खाली आहे, हातातला कप रिकामा आहे” असं आधी म्हणायचं. उदास आहे की नाही ते मग. आणि सगळ्यात शेवटी सर स्वतः उठत. त्यांच्याकडे काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन होते, जुन्या फायलीच्या पाठीतून कापलेले. ते फोटोवर ठेवून सरकवायचे, म्हणजे किती भाग नको आहे ते कळतं. ते कोन सरकायला लागले की खुर्चीतला माणूस खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे यायचा. माझं अख्खं आभाळ त्यांनी असं कितीदा कापलं! जनार्दनच्या एका हळदीच्या फोटोवर ते कोन फिरवत फिरवत त्यांनी नवरीच्या नाकापर्यंत आणले आणि म्हणाले, “एवढंच खरं आहे. बाकी सगळा मंडप आहे.”

जनार्दनच्या तोंडात जांभूळ होतं. त्यानं फक्त डोळे मोठे केले.

घारपुरे सर आनंदनगरच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. राहायला अंबरनाथला, बायको शालिनीकाकू, मुलगी नाशिकला. आडनावातच घार, त्यामुळे नजरेबद्दल आम्ही वेगळं काही म्हणायची गरज नव्हती. खरी गोष्ट अशी की सरांना एकच डोळा होता. डावा फार वर्षांपूर्वी कारखान्यातच, काहीतरी उडून गेला. त्याबद्दल ते एवढंच बोलत. “कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. तुम्ही लोक फोटो काढताना एक मिटता. माझा देवानं कायमचा मिटून ठेवलाय. तेवढाच वेळ वाचतो.” आम्ही हसायचो. हसताना त्यांच्या उजव्या डोळ्याकडे बघायचो. आमच्या सगळ्यांचे फोटो त्या एका डोळ्यावर उभे होते.

तर, निळ्याची सुरुवात. ती थंडीत झाली, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. सरांनी पहाटेच्या उल्हास नदीचा फोटो आणला. पाणी निळं, काठ निळा, म्हशी निळ्या. थंडीतल्या पहाटे म्हशी निळ्या असू शकतात. आम्ही म्हटलं, वा! पुढे वीटभट्टीचा धूर आला, तोही निळा. मग विठ्ठलवाडीच्या बाजूचा भाजीबाजार आला. त्यात टोमॅटो वांग्यांच्या वाटेला लागलेले दिसत होते आणि भाजीवालीचे दात दुधी काचेसारखे. दिसत होतं सगळ्यांना. पण दिसतं ते सांगायच्या आधीच आम्ही वाटतं ते सांगून मोकळे झालो. कुणी म्हणालं, मूड आहे. कुणी म्हणालं, सरांनी आता नवी शैली घेतली. मी हात हवेत फिरवून म्हटलं, “सर, यात एक गारवा आहे.” बाहेर एप्रिल होता. लछमनभाईंचा पंखासुद्धा गरम हवा फेकत होता.

लछमनभाईंनी ते फोटो स्वतः छापलेले. सगळ्यात आधी त्यांनीच पाहिलेले. मी नंतर एकदा त्यांना विचारलं. त्यांनी काउंटरवरची काच पुसत मला एक गोष्ट सांगितली. एका घरचे लोक एकदा वडिलांचा फोटो मोठा करून घ्यायला आले. वडील नुकतेच गेलेले. चांगला फोटो एकच, पिकनिकचा, आणि त्यात वडिलांचा अर्धा चेहरा कुणाच्या तरी आइस्क्रीमच्या मागे. लछमनभाईंनी दिसणारा अर्धा चेहरा उलटा करून दुसऱ्या बाजूला जोडला, कोट घातला, हार घातला. मुलगा फोटो बघून ढसाढसा रडला. बिल्कुल पापा, म्हणाला. “अब मैं उसको क्या बोलूँ, दीदी? की आधा पापा मेरा बनाया हुआ है?” मग त्यांनी कापड झटकलं. “अपने धंधे में सच नहीं बिकता. फिनिशिंग बिकती है.”

मला त्यांचं म्हणणं तेव्हा पटलं होतं. आजही अर्धं पटतं. मेलेल्या माणसाच्या फोटोत अर्धा चेहरा आपला घातला तर कुणाचं बिघडत नाही. जिवंत माणसाच्या बाबतीत हिशेब निराळा असतो.

आणि नुसतं ‘वा’ म्हणून आम्ही थांबलो नाही. आम्ही शिकलो! गुरूनं निळं केलं तर शिष्यांनी मागे का राहावं? घरोघरी कॉम्प्युटरवर रंगाची पट्टी निळ्याकडे सरकू लागली. माझे कावळे निळे झाले, तेवढेच जरा मोरासारखे दिसू लागले म्हणून मी खूश. जनार्दननं तर गिऱ्हाइकाच्या हळदीच्या अल्बमवर प्रयोग केला. पिवळ्यात निळं मिसळलं की काय होतं हे बालवाडीत शिकवतात. नवरीच्या आईनं अल्बम उघडला आणि ओरडली, “आरं, माझ्या पोरीला हलद लावली का शेवाल?”

“मावशी, आर्ट हाय ते,” जनार्दन म्हणाला. त्यानं हे आम्हाला सभेत अभिमानानं सांगितलं. सर मिश्या फेंदारून हसले. अगदी शेजारी बसलेल्या जनार्दनकडे बघताना त्यांनी मान जराशी वाकडी केली होती, कबुतर दाण्याकडे बघतं तशी. हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा नुसतं दिसलं होतं.

मेमध्ये आमच्या वार्षिक प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. नाव ठरलं ‘जांभूळ आणि माणसं’, फोटो मात्र वर्षभरातले सगळे. निवड सरांनीच केली, फोटो छापून फ्रेमाही झाल्या, आणि प्रत्येकाच्या फोटोखाली लावायच्या ओळी ठरवायला मी अंबरनाथला सरांच्या घरी गेले. सर आंघोळीला गेलेले. काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. दोरीवर ओळीनं आकाशी शर्ट.

“सरांना आकाशी रंग फार आवडतो वाटतं,” मी म्हटलं.

“पांढरे आहेत ते,” काकू म्हणाल्या. “होते.” त्यांनी एका शर्टाची बाही झटकली. “रोज म्हणतात, शालिनी, कपडे किती पिवळे पडलेत, नीळ घाल. मी घालते. दुसऱ्या दिवशी म्हणतात, अजून पिवळेच आहेत, जास्त घाल. किती घालू? बादलीत हात बुडवला तर माझी नखं निळी होतात.”

मी त्या दोरीकडे बघत राहिले. शर्ट वाऱ्यानं फुगत होते, जणू आत कुणीतरी होतं.

“चहा कपात न पडता बशीत पडतो. जिना उतरताना भिंतीला हात असतो. दिवेलागणीनंतर बाहेर पडत नाहीत, म्हणतात कंटाळा येतो. कॉलनीत तपासणीला डॉक्टर आले होते, त्यांनी बॅटरी मारून सांगितलं, मोतीबिंदू फार पिकत चाललाय, थांबू नका. थांबलात तर अवघड होत जाईल. ह्यांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसले.” काकूंनी चिमटा दातात धरला, शर्ट लावला, चिमटा काढला. “आणि मी विषय काढला की काय म्हणतात माहितीये? म्हणतात, अगं, अख्खा क्लब माझ्या रंगांना वा म्हणतो. डोळा बिघडला असता तर पहिले तेच बोलले असते. मीच शिकवलंय त्यांना.”

आत नळ बंद झाल्याचा आवाज आला.

“वीणा, तू पण वा म्हणतेस का गं?”

मी पाणी मागितलं. काकूंनी आणून दिलं. मग स्वतःच म्हणाल्या, “तुम्हाला जमायचं नाही. मीच येते रविवारी. बाहेरच्या माणसाला चालतं ना तुमच्यात?”

मोतीबिंदूत सगळं पिवळट, तपकिरी दिसायला लागतं, हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. पण माणसाची आठवण पिवळी पडत नाही. पांढरं किती पांढरं असतं, नदी कशी असते, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. ते प्रत्येक फोटो त्या आठवणीशी जुळवत होते. जुळेपर्यंत निळं घालत होते. एका परीनं त्यांच्याइतका प्रामाणिक माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता.

त्या रविवारी स्टुलावर सरांचाच फोटो होता. जनार्दनच्या बांधावरचं जांभळाचं झाड, त्याखाली पदर पसरून बसलेल्या शालिनीकाकू, पदरात जांभळं. फोटोची बांधणी इतकी सुंदर, की त्या काळ्या कोनांना कापायला काही नव्हतं. पण काकूंचा चेहरा, हात, झाडाचं खोड, पदर, सगळं एका निळ्या पाण्याखाली गेलेलं. पदरातली जांभळं शाळेतल्या शाईच्या गोळ्यांसारखी. सर खुर्चीत बसले, तोंडात जांभूळ टाकलं आणि हात बांधले. काकू मागच्या बाकड्यावर होत्या.

“सुरू करा,” मी म्हटलं, कारण दुसरं कुणी म्हणेना.

जनार्दन पुढे झाला. “दिसतं ते सांगतो. काकू हायत. झाड हाय. पदरात जांभलं हायत.” तो थांबला. “वाटतं... गार वाटतं.”

“फिनिशिंग बढ़िया है,” लछमनभाई फोटोकडे न बघता म्हणाले.

मी घसा खाकरला. तेवढ्यात काकू उठल्या. “मी बोलले तर चालेल?”

सरांनी हातानंच खूण केली, बोल. मिश्यांखाली हसूही होतं. बायकोनं कधी त्यांच्या फोटोकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि आज ती चारचौघांत त्यांच्याच नियमानं बोलणार होती.

काकू स्टुलापाशी गेल्या. चष्मा नाकावर नीट बसवला. कितीतरी वेळ बघितलं.

“दिसतं ते सांगते. बाई मेलेली दिसते.”

शेजारच्या गाळ्यातली यंत्रं चालूच होती. पण मला आठवतं ते असं, की ती थांबली होती.

“चेहरा निळा आहे, ओठ निळे आहेत, नखं निळी आहेत. नखं खरीच निळी आहेत, तुमच्या शर्टांच्या निळीनं. आता वाटतं ते.” त्यांचा आवाज कापला नाही. “वाटतं असं, की हा फोटो काढणाऱ्याला मी शेवटची नीट कधी दिसले, ते त्यानं मला सांगावं.”

सरांच्या तोंडात जांभूळ होतं.

काकूंनी जनार्दनच्या टोपलीतलं एक जांभूळ घेतलं. फोटो स्टुलावर आडवा केला आणि फोटोतल्या पदरात ते ठेवलं. “त्याच झाडाचं आहे,” म्हणाल्या. आम्हाला सगळ्यांना दिसलं. त्या निळ्या गोळ्यांच्या ढिगात एकच काळंभोर, लाल-जांभळी झाक मारणारं, ओलं, खरं जांभूळ.

सर उठले. फोटोवर वाकले. इतके वाकले की नाक टेकेल. मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि ते फोटोवरून हळूहळू फिरवायला लागले. छापलेल्या जांभळांवरून बोट सपाट सरकत गेलं. एकावरून, दुसऱ्यावरून. आम्ही त्या बोटाकडे बघत होतो. ते खऱ्या जांभळाला लागलं आणि जांभूळ घरंगळून खाली पडलं.

सर तसेच वाकून राहिले. मग त्यांनी तोंडातली बी काढून तळहातावर घेतली.

“एकच डोळा आहे गं,” ते म्हणाले. “दोन असते तर कधीच गेलो असतो. हा उघडला आणि काही बिघडलं, तर मग काय?”

आमच्यातल्या कुणीही, त्या दिवशी तरी, वा म्हटलं नाही. काकूंनी त्यांच्या हातातली बी घेतली आणि आपल्या रुमालात बांधली. जाताना लोखंडी जिन्यावर जनार्दन सरांच्या पुढे एक पायरी राखून उलटा उतरत गेला. हात धरला नाही. नुसता पुढे राहिला, पडले तर अंगावर पडतील असा.

ऑपरेशन झालं त्या दिवशी लछमनभाईंनी स्टुडिओ बंद ठेवला. सणाला, लग्नाला, पुराच्या पाण्यातही बंद न होणारं ते शटर खाली बघून गल्लीतल्या लोकांनी घरी कोण गेलं म्हणून चौकशी केली. आम्ही संध्याकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा सर खाटेवर उठून बसले होते. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. दुसऱ्या कुणाचा एक डोळा बांधला तर दुसरा जगाशी संबंध ठेवतो. सरांचं सगळं जगच बांधलं होतं, उद्या सकाळपर्यंत. उद्या सकाळी काय, ते डॉक्टरही नक्की सांगत नव्हते. काकू उशाशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर, का कोण जाणे, ते दोन काळे कोन होते.

आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. तेव्हा सरच म्हणाले, “खिडकी आहे ना इथे? बाहेर काय दिसतंय ते सांगा. आधी दिसतं ते.”

लछमनभाई खिडकीशी गेले. आयुष्यभर फिनिशिंग विकलेला माणूस. खिडकीची कड धरून ते सांगायला लागले, त्यांच्या त्या खिचडी मराठीत. “एक दिवार आहे, साहेब. त्याचा रंग... पांढरा होता, आता उडालाय. पाइप गळतोय. पाइपच्या खाली हिरवा झालाय. एक बाई चादर सुखवते. चादर फाटलेली आहे.”

“कुठे फाटलीय?”

“कोपऱ्यात. तिनं गाठ मारली.”

“छान,” सर म्हणाले. मग जनार्दननं आभाळाचं सांगितलं. पश्चिमेला काळं धरलंय, पण हाललं नाय अजून. मग माझी पाळी आली.

“तारेवर कावळा आहे, सर.”

“निळा?”

“काळा. मान करडी आहे.”

“पूर्ण आहे की शेपूट कापलंय?”

“पूर्ण आहे, सर.” मला हसू आणि रडू एकदम आलं. “उडाला आत्ता.”

“उडणारच,” सर म्हणाले आणि पट्टीखालून त्यांच्या गालावर पाणी आलं. काकूंनी ते डोळ्याला हात न लावता टिपलं. रडू नका, डॉक्टरांनी सांगितलंय, एवढंच म्हणाल्या. आम्ही अंधार पडेपर्यंत त्या खिडकीतलं सगळं सांगत राहिलो. रंग दिसेनासे झाले तसं तेही सांगितलं, की आता रंग दिसत नाहीत. क्लबात इतक्या वर्षांत इतकं खरं आम्ही कधी बोललो नव्हतो, आणि त्यानंतरही, खरं सांगायचं तर, फार वेळा नाही.

सर आणि काकू आता नाशिकला मुलीकडे असतात. ते कोन इथेच ठेवून गेले. माळ्यावर खिळ्याला अडकवलेले असतात. नवी मंडळी आली आहेत, हुशार आहेत, फोनवरच सगळं करतात, आणि एकमेकांच्या फोटोखाली इतक्या पटकन अंगठे उमटवतात की बघून मला धसका बसतो. प्रत्येक अंगठा पाहिला की मला ती कपड्यांची दोरी दिसते. आपलं एक ‘वा’ कुणाच्या घरात जाऊन काय काम करत असेल, कुठल्या तपासणीच्या आड उभं राहत असेल, हे आपल्याला कुठे माहीत असतं? आपण तर नुसता अंगठा दाखवून पुढे गेलेलो असतो. म्हणून जांभळाचा हंगाम आला की मी त्यांना पहिला नियम सांगते, दिसतं ते आधी. आणि प्रत्येकाच्या हातावर एक जांभूळ ठेवते. ते हसतात. मग तुरट लागतं तसे गप्प होतात. काल स्टेशनवरून परतताना मी ती बी घरापर्यंत तोंडातच ठेवली होती. मी उतरताना रिक्षावाल्यानं मला नमस्कार केला. त्याला वाटलं असावं, बाई खरंच कुठल्या तरी अनुष्ठानाला बसली आहे.

अरे हो, प्रदर्शनाचं राहिलंच.

पट्टी सुटली. दिसलं. पहिल्या सकाळी सरांनी डोळा उघडून आधी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं आणि विचारलं, “हा शर्ट निळा आहे?” काकू म्हणाल्या, “तुमचीच नीळ.” मग सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, ते किती वेळ, हे आम्ही पाहायला तिथे नव्हतो, आणि काकूंनी कधी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात बदलापूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ‘जांभूळ आणि माणसं’ उघडलं. फ्रेमा आधीच झालेल्या, बदलायला वेळ नव्हता, आणि बदलायचं धाडसही. भिंतभर निळं. निळी नदी, निळा बाजार, माझा निळा कावळा, लछमनभाईंच्या निळ्या पापडवाल्या, जनार्दनची शेवाळलेली नवरी, आणि मधोमध निळ्या काकू. दारात सर आले. काळा चष्मा, पांढराशुभ्र नवा शर्ट. मागे काकू, नखं निळीतून मोकळी. आम्ही भिंतीशी ओळीनं उभे राहिलो, आणि कुणीही न सांगता जनार्दनच्या टोपलीतलं एकेक जांभूळ उचलून प्रत्येकानं तोंडात टाकलं.

सरांनी चष्मा काढला. पहिल्या फोटोपाशी थांबले, दुसऱ्यापाशी थांबले. अख्खी भिंत हळूहळू, शेवटपर्यंत चालत गेले आणि तशीच परत आले. हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती, कुणाची आई, कुणाचे शेजारी. मग सर आमच्याकडे वळले, एकेकाच्या चेहऱ्याकडे त्या ताज्या डोळ्यानं नीट बघितलं, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“अरे, माझा तर डोळा गेला होता, तुम्हाला काय झालं होतं?”